पंजांचा पोळा

"जेलमदी माहा जनम गेला, बाई," असं आमच्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं आणि आईनं मागून माझा पदर ओढला.

अमरावतीच्या तुरुंगात आपण कैद्यांना सतरंज्या विणायला शिकवत होतो, हे त्यांनी पुढं सांगितलं, पण मधे चांगला दम घेऊन. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय काय येतं आणि जातं हे पाहायला त्यांना फार आवडायचं. नोकरी संपवून ते अकोल्याला आपल्या घरी येऊन राहिले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

मी स्वतः अमरावतीची. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आई आणि मी खोलीसाठी गल्ल्या पालथ्या घालत होतो. खोली रिकामी असायची, मालक गोड बोलायचे, मग कोणीतरी सहज आडनाव विचारायचं आणि ती खोली नेमकी कालच दुसऱ्या कोणाला तरी दिलेली निघायची. दीक्षा घेतल्यावर आईनं घरातले देव नदीला पोचवले होते, पण आडनाव ऐकून कान टवकारायची सवय लोकांनी काही पोचवली नव्हती. म्हणून मास्तरांकडं मी आडनाव आधीच सांगून टाकलं. नकार यायचा तर लवकर येऊ दे, पाय तरी वाचतील.

"आडनावाले काय करू मी?" मास्तर म्हणाले. "घरात खाली काय आथरता ते सांगा."

आईनं सांगितलं, गोधडी.

"कोनं शिवली?"

"मीच."

"आना पाहू."

गाठोडं सोडून आईनं गोधडी काढली. मास्तरांनी ती उलटी केली, मागच्या बाजूच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, कोपरा ओढून पाहिला. "घट्ट हाताची बाई हाय," एवढं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली आईच्या हातात दिली. माझ्या हाताची परीक्षा त्यांनी घेतली नाही, हे माझं नशीब. मला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं.

माणसं त्यांच्यासाठी दोनच प्रकारची होती, घट्ट हाताची आणि सैल हाताची. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. कोण कसं दाराची कडी वाजवतं, कोण मिरच्या कशा कुटतं, यावरून ते ठरवायचे. मी शाळेतून आले की माजघरातून हाक यायची, "बाई, आज शायेत कोनाशी भांडन झालं? कडी तशी वाजली." आणि खरंच झालेलं असायचं. मी म्हणायची, तुरुंगातले कैदीही असेच ओळखायचे का? तर म्हणायचे, "खुनी मानसाचा हात लय नाजूक असते बाई. चोराचा घाईचा. आन् ज्यानं काईच केलं नाई, त्याचा ठोका कधी जागेवर पडत नाई. त्याचं ध्यानच लागत नाई ना." हे खरं की मला बनवत होते, ते मला कधी कळलं नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत उभा माग होता. वर एक दांडा, खाली एक दांडा, मधे ताणलेले सुताचे उभे धागे. मागासमोर बसायची एक लांब फळी, आणि त्या फळीला शेजारी शेजारी दोन जागी घासून घासून खळगे पडलेले. मास्तर डाव्या खळग्यात बसायचे. उजवा रिकामा असायचा. मागावर जी सतरंजी चढवली होती ती म्हणजे एक बाग होती. मधोमध पाण्याचा निळा पाट, पाटाच्या दोन्ही काठांना झाडं, झाडांवर पाखरं. पाटाच्या डावीकडं बाग वर वर चढत गेली होती. उजवीकडं मात्र वीतभर वर येऊन ती थांबली होती. तिथून वरच्या दांड्यापर्यंत नुसते पांढरे धागे.

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. खिडकीवर ओलं किंतान, खोलीत हिरवट अंधार, आणि एका फटीतून ऊन त्या मोकळ्या धाग्यांमधून झिरपून जमिनीवर पडायचं. कुठल्याशा सरकी काढायच्या जिनातून उडून आलेला कापूस त्या उन्हात तरंगत असायचा. मी कधीकधी वह्या तपासायच्या निमित्तानं तिथं भिंतीला टेकून बसायची. मास्तर धागा ओवायचे, मग पंज्याचा एक ठोका. मग कितीतरी वेळ काही नाही. मला झोप लागायची आणि झोपेत मी त्या पाटाच्या काठानं चालत असायची, पण नेहमी डावीकडच्याच. जागी व्हायची तर मास्तर तसेच बसलेले, ओळ तेवढीच.

पंजा म्हणजे विणलेला धागा खाली ठोकून बसवायचा लोखंडी दात्यांचा, लाकडी मुठीचा जड कंगवाच म्हणा. मास्तरांचा पंजा, त्यांच्या सांगण्याप्रमाणं, इराणातला होता. सोमवारी तो उंटावरून आलेला असायचा, गुरुवारी जहाजातून. एकदा तर तो कोण्या शहाजादीच्या बागेत माळ्यानं पुरून ठेवलेला होता आणि तिथं त्याला पालवी फुटली होती. "लोखंडाला पालवी?" मी विचारलं. "मुठीले फुटली असन," ते गंभीरपणे म्हणाले. सुरी आणि कातर ही त्याची लेकरं. दुपारी हत्यारांना झोप हवी म्हणून ते त्यांच्यावर मऊ फडकं घालायचे. फरशीवर ती कधी ठेवायची नाहीत. आईनं एकदा केर काढताना कातर उचलून जमिनीवर ठेवली, तर मास्तरांनी ती उचलून धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कातरीलाच म्हणाले, "राग मानू नको. नवीन हायेत."

दुसरा पंजा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. त्याच्याविषयी ते काही बोलायचे नाहीत. मी एकदा त्याच्याकडं हात नेला तर नुसतं "अंहं" म्हणाले, आणि असं म्हणाले की माझा हात आपोआप मागं आला. पाटाच्या उजवीकडं काहून विनत नाई, असं त्यांच्याच बोलीत विचारलं, तर म्हणाले, "त्या बाजूले अजून सकाय व्हायची हाय."

मग पोळा आला. मास्तरांकडं ना शेत ना गोठा. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, जेव्हा शेतकरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात, तेव्हा मास्तर पाटावर बसून दोन्ही पंज्यांच्या मुठी हळद-तेलानं चोळत होते. खिळ्यावरचा पंजा वर्षातून त्या एकाच सणाला खाली यायचा. संध्याकाळी त्यांनी दोघांपुढं हात जोडले आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी दोघांना आंघोळ, मुठीला बेगड, दात्यांना लाल सूत. दोघांना एका ताटात शेजारी शेजारी घालून मास्तर गल्लीत निघाले. लोक हसायचे, पण प्रत्येक दारात जोडीला ओवाळायचे आणि पोळीचा तुकडाही द्यायचे. आमच्या दाराशी आले तेव्हा मी आईकडं पाहिलं. सणवार, पूजाअर्चा आईनं कायमची सोडली होती. ती क्षणभर थांबली, मग आत जाऊन स्वच्छ फडकं घेऊन आली आणि दोन्ही पंजे नीट पुसून दिले. नंतर मला म्हणाली, "यात देव कुठं आला? कामाचं लोखंड हाय. कामाच्या वस्तूले पुसाले काय लाज?"

त्याच दिवशी गल्लीतल्या बायकांकडून तिनं दुसऱ्या पंज्याची हकीकतही मिळवली.

तो पंजा मास्तरीणबाईंचा. नवरा-बायको जन्मभर त्या फळीवर शेजारी बसून विणत आले होते. सुटीवर मास्तर अमरावतीहून घरी आले की प्रवासाची धूळ झटकून आधी फळीवर बसायचे. जोडीनं विणायचं तर दोघांचा ठोका जुळावा लागतो. मास्तरीणबाईंचा हात घट्ट. त्यांच्या ओळी दाबून बसायच्या, बाजू खाली राहायची. मास्तरांचा हात सैल, त्यांची बाजू फुगून वर यायची. साध्या पट्ट्यांच्या सतरंजीत ते खपून गेलं, पण म्हातारपणी हौसेनं त्यांनी ही बाग चढवली आणि पंचाईत झाली. पाटाच्या अलीकडचं झाड आणि पलीकडचं झाड समोरासमोर येईनात. बाई म्हणायच्या, तुम्ही जोर लावा. मास्तर म्हणायचे, तू जोर कमी कर. एके दिवशी बाई बाजाराला गेल्या असताना मास्तरांनी कानस घेतली आणि त्यांच्या पंज्याची पाठ घासून घासून तो हलका करून ठेवला.

विणकरांत दुसऱ्याच्या पंज्याला न विचारता कोणी हात लावत नाही. वर्षानुवर्षं वापरून त्याचं वजन हातात बसलेलं असतं, त्या वजनावरच सगळा अंदाज. बाई बाजारातून आल्या, फळीवर बसल्या, पंजा उचलला. ठोका मारायचीसुद्धा गरज पडली नाही. त्यांनी तो खिळ्याला अडकवला, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि भावाकडं बाळापूरला निघून गेल्या. गेल्या त्या गेल्याच. मास्तर आणायला गेले नाहीत. एवढंसं लोखंड, त्यासाठी हात जोडायचे?

आता मला ती सतरंजी वेगळीच दिसायला लागली. विणलेला भाग खालच्या दांड्याला गुंडाळायचा तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एकच बाजू चढत गेली तर गुंडाळता येत नाही. म्हणजे मास्तरांची बाग वरच्या दांड्याला टेकली की पुढं जागाच उरणार नव्हती. सतरंजी तशीच अर्धी कापून उतरवावी लागणार होती. मग बाईंनी बसायचं कुठं आणि विणायचं काय? बाग संपली की त्यांच्या परत येण्याचं कारणच संपलं. थांबलं तर हार, विणलं तर शेवट, अशा कात्रीत म्हातारा सापडला होता. म्हणूनच तो सकाळी एक ओळ आणि संध्याकाळी एक ओळ एवढंच विणत होता, आणि एका पाखराच्या डोळ्याचा रंग ठरवायला त्याला अख्खा पावसाळा लागत होता.

मला त्यांचा राग यायचा. इतकं स्वप्नात राहणारं माणूस एका साध्या शब्दाला इतकं कसं अडतं? आईला म्हटलं तर ती म्हणाली, "स्वप्नात राहते म्हनूनच." मग तिनं फुंकर मारून चुलीचा धूर बाजूला केला आणि विषय संपवला.

अशीच पुढची दोन-तीन वर्षं गेली. मास्तर आधी बसून विणत, मग फळी वर चढवून, मग पाटावर उभे राहून. माझी अमरावतीला बदली व्हायचं घाटत होतं, आणि पोळा पुन्हा तोंडावर आला होता. बागेत आणि वरच्या दांड्यात चार बोटांचं अंतर राहिलं होतं. मास्तरांचं जेवण कमी झालं होतं. इराणातून पंजा येण्याचंही बंद झालं होतं. विचारलं तर म्हणायचे, "आला तसा आला. आता काय त्याचं?" हे ऐकून मला बागेपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली.

त्याच सुमारास शाळेला वर्गात अंथरायला सतरंज्या हव्या होत्या. सतरंज्या बाळापूरच्या चांगल्या, आणि मी तर सतरंजीवाल्यांकडंच राहते, म्हणून मोठ्या बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. जायचा दिवस नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. निघताना मास्तर ओट्यावर मुठींना हळद चोळत बसले होते.

"बाळापूरला चाललेय," मी म्हटलं. "काही निरोप?"

"कोनाले?"

"मला काय माहीत कोणाला."

"निरोप गिरोप काई नाई."

मी फाटकापर्यंत गेले. कडीला हात घातला तेव्हा मागून आवाज आला, अगदी हलका, माझ्यासाठी की हातातल्या पंज्यांसाठी ते कळू नये असा. "म्हना का, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मोटारीत बसून अख्ख्या रस्त्यानं मी विचार करत होते, हा निरोप द्यायचा कसा?

बाळापुरात नदीकडच्या आळीत भावाचं घर सापडलं. मास्तरीणबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. ठेंगण्या, करारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. अकोल्याहून आलेय, मास्तरांच्या घरात भाड्यानं राहते, असं सांगितलं तरी सूप थांबलं नाही.

"कुठवर गेले?" त्यांनी विचारलं.

मी समजले. उठून उभी राहिले आणि डोक्याच्या वर हात केला. "इथवर. चार बोटं राहिलीत."

सूप थांबलं.

"पाखरं काढली?"

"काढली. एकाचा डोळा हिरवा केलाय."

"हिरवा!" त्या तुच्छतेनं म्हणाल्या. मग सुपातला एक खडा काढून टाकत, "माहा पंजा?"

"खिळ्यावर. कोणाला हात लावू देत नाहीत. पोळ्याला तेवढा खाली काढतात."

"पोयाले काहून?"

मी सगळं सांगितलं. हळद, आंघोळ, बेगड, ताट, गल्लीतली फेरी. त्या माझ्याकडं टक लावून पाहत होत्या. "दोघाईले?" त्यांनी विचारलं. "का एकट्या त्याईच्याच पंज्याले?"

"दोघांना. जोडीनं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी निरोप सांगितला, जसाच्या तसा.

मास्तरीणबाईंचा चेहरा लाल झाला. "आवतन? आज घ्या आन् उद्या या? मले काय बैल समजून रायला काय तो बुढा? इतक्या वर्साचं तोंड उघडलं त् हे?" सुपातली ज्वारी निम्मी ओसरीभर झाली. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांच्या खांद्यांकडं लक्ष गेलं. त्या हसत होत्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. मग किती तरी वेळ पदर डोळ्यांवरच राहिला. मला म्हाताऱ्याची आणि म्हातारीची दोघांचीही इतकी माया आली की मी खाली बसून सांडलेली ज्वारी वेचायला लागले.

"जा तुमी," शेवटी त्या म्हणाल्या. "मी काई येत नाई."

दुसऱ्या दिवशी पोळा. मी मास्तरांना निरोप दिल्याचं सांगितलं, उत्तर सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ताट सजवून ते फाटकाशी आले आणि गल्लीत न जाता तिथंच उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी मोटारस्टँडकडून एक ठेंगणी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन ताडताड येत होती. मास्तरांच्या हातातल्या ताटात पंजे एकमेकांवर खणखणले.

त्या फाटकातून आल्या, मास्तरांकडं पाहिलं नाही, ताटाकडं पाहिलं. सरळ पुढच्या खोलीत गेल्या. मागासमोर उभ्या राहून त्यांनी खालपासून वरपर्यंत बाग पाहिली. झाडं पाहिली, पाखरं पाहिली, त्या हिरव्या डोळ्याशी जरा थांबल्या. आई आणि मी दारात उभ्या होतो.

"उसवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी विचारलं, "कुठवर?"

"माह्या ओळीपर्यंत."

एवढ्या वर्षांचं काम. मास्तरांनी ताट फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "आज पोया हाय. पंज्याले सुटी."

"उसवाले पंजा कायले लागते?"

मास्तर पाटावर चढले. वरून धागा सोडवायला लागले. पहिली ओळ निघाली, मग दुसरी, मग हात सुटला. पाखरं गेली, फांद्या गेल्या, निळ्या धाग्याचा ढीग पायाशी साचला. मास्तरीणबाई खाली बसून रंगाप्रमाणं धाग्यांच्या गुंड्या करत होत्या. मास्तरांच्या तोंडावर जे सुख होतं ते मी त्यांना विणताना कधी पाहिलं नव्हतं. दिवे लागायच्या आत बाग दोन्ही बाजूंनी वीतभर उंच राहिली आणि वर सगळीकडं मोकळे पांढरे धागे.

खरी धास्ती दुसऱ्या सकाळी होती. आईला आणि मला राहवलं नाही, आम्ही चहा द्यायच्या निमित्तानं गेलो. मास्तरीणबाई उजव्या खळग्यात बसल्या होत्या. त्यांनी धागा ओवला, पंजा उचलला आणि तसाच तोलून धरला. घासलेल्या पाठीवरून अंगठा फिरवला. मास्तर जमिनीकडं पाहत होते. घासलेलं लोखंड काही परत येत नाही, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

बाईंनी ठोका मारला. मग दुसरा. ओळ पाहिली.

"हलका केला होता तुमी."

"हाव," मास्तर म्हणाले.

"तवा माह्या हातात जोर होता. तवा मले जडच पायजे होता." त्यांनी आणखी एक ठोका मारला, पंजा हातात फिरवून पाहिला. "आता हात थकला. आता बराबर बसला हा."

मास्तरांनी मान वर केली.

"थोडी घाई केली तुमी," त्या म्हणाल्या, आणि पुढचा धागा ओवायला लागल्या.

मास्तरांनी आपला पंजा उचलला आणि बाईंच्या ठोक्याची वाट पाहत हात तसाच वर धरून बसले. आईनं मला खूण केली. आम्ही चहाचे पेले ठेवून बाहेर आलो, दार ओढून घेतलं, आणि मागून एकच ठोका ऐकू आला.